खाऱ्या पाण्याच्या छोट्या टाकीत शेवाळ परत परत येतंय? या क्रमाने तपासा

काच पुसली की चार दिवसांत पुन्हा हिरवी. दगडावरचं केसाळ शेवाळ उपटलं की पंधरवड्यात तेवढंच वाढलेलं. वाळूवर तांबडा थर धरतो, सायफनने ओढून घेतला तरी दुसऱ्या दिवशी दुपारी हजर. मासे ठणठणीत असतात, पाणीही नितळ दिसतं, दुकानदाराने दिलेली बाटली ओतून झालेली असते, आणि तरीही शेवाळ हटत नाही.

नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत लोकांच्या घरच्या मरीन टाक्या मी दुरुस्त करतो. बहुतेक ५० ते १०० लिटरच्या. सगळ्यात जास्त तक्रार हीच असते, आणि मूळ बहुतेक वेळा दोनच ठिकाणी सापडतं: टाकीत वरून घातलेलं पाणी आणि वरून घातलेलं खाणं. शेवाळाचे बीजकण प्रत्येक टाकीत असतातच, ते कुणालाच रोखता येत नाहीत. पण त्यांना नायट्रेट, फॉस्फेट आणि उजेड मिळाल्याशिवाय ते फोफावत नाहीत. छोट्या टाकीत पाणी थोडं असल्यामुळे चिमूटभर जास्तीचं खाणंसुद्धा लगेच अंगावर येतं.

आधी ओळखा: हे नेमकं कोणतं शेवाळ?

हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण एका प्रकारावरचा उपाय दुसऱ्या प्रकाराला खतपाणी घालतो.

नव्या टाकीत, पहिल्या दोन-तीन महिन्यांत, वाळूवर आणि काचेवर तपकिरी पूड बसते. बोट फिरवलं की सहज निघते. हे डायाटम. ते पाण्यातल्या सिलिकेटवर जगतात आणि नव्या टाकीत बहुधा आपोआप ओसरतात. टाकी वर्षभर जुनी असूनही तपकिरी पूड येत असेल, तर सिलिकेट रोजच्या पाण्यातून येतंय असं समजा.

काचेवरची पातळ हिरवी झाक प्रत्येक टाकीत येते. तीन-चार दिवसांनी पुसावी लागत असेल तर तो दोष नाही. दगडावरचे कडक गुलाबी-जांभळे डाग म्हणजे कोरलाइन शेवाळ. ते टाकी स्थिरावल्याचं लक्षण आहे, खरवडू नका.

दगडावर मऊ हिरवे धागे, पाण्याबाहेर काढले की लोळागोळा होतात, ते केसाळ शेवाळ. त्याच्यासारखंच दिसणारं पण गर्द हिरवं, भिंगाखाली मधल्या देठाला दोन्ही बाजूंनी पिसासारख्या फांद्या असलेलं, ते ब्रायोप्सिस. हे फार चिवट असतं. चकचकीत हिरवे फुगे, ज्वारीच्या दाण्याएवढे ते द्राक्षाएवढे, म्हणजे व्हॅलोनिया.

लाल, मरून किंवा काळपट हिरवा थर, जो दुधावरच्या सायीसारखा अख्खा उचलला जातो आणि ज्याला घाण वास येतो, तो सायनोबॅक्टेरिया. शेवाळांच्या यादीत येत असला तरी हा जिवाणू आहे.

शेवटचा प्रकार सगळ्यात त्रासदायक. शेंबडासारखे तपकिरी धागे, त्यांच्या टोकाला हवेचे बुडबुडे, सकाळी कमी आणि दिवे लागले की संध्याकाळपर्यंत भरपूर. गोगलगायी उलट्या पडतात, मरतात. हे डायनोफ्लॅजेलेट, बोलताना सगळे डायनोच म्हणतात. डायाटम आणि सायनोपासून ते वेगळे काढायला घरगुती युक्ती आहे. थोडं तपकिरी द्रव्य टाकीच्याच पाण्यासकट छोट्या बाटलीत घ्या, जोरात हलवा आणि टिश्यू पेपरमधून काचेच्या ग्लासात गाळा. ग्लास तासभर दिव्याखाली ठेवा. गाळल्यावर स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात कण पुन्हा एकमेकांना धरून धागे-गोळे करू लागले तर डायनो. तसंच स्वच्छ राहिलं तर दुसरं काहीतरी. मुलांच्या शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक बघायला मिळाला तर शंकाच उरत नाही, डायनो ४०० पटीखाली वळवळताना दिसतात.

हा फरक महत्त्वाचा अशासाठी की केसाळ शेवाळ पोषणद्रव्यं जास्त झाली की येतं, आणि डायनो बऱ्याचदा नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आलं की येतात. तिथे आणखी पाणी बदलत राहिलात, आणखी फॉस्फेट शोषून घेतलंत, तर ते वाढतात.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

दिव्याला टायमर आहे का? नसेल तर रोज किती तास चालू राहतो ते खरंखरं मोजा. पाहुणे आले की रात्री अकरापर्यंत दिवा सुरू राहतो, सुट्टीच्या दिवशी सकाळीच लागतो. आठ तास पुरे. शेवाळ माजलं असेल तर काही आठवडे सहा तास करा, आणि दिव्यात पांढरा-लाल रंग वेगळा कमी करता येत असेल तर तोही उतरवा. दुपारी चारच्या सुमाराला टाकीसमोर उभं राहून बघा. हिवाळ्यात नुसतं भिंतीवर पडणारं पश्चिमेचं ऊन एप्रिलमध्ये थेट काचेवर आलेलं असतं, कारण सूर्याचा मार्ग उत्तरेकडे सरकतो. पडदा लावा किंवा त्या बाजूच्या काचेला बाहेरून काळा कागद चिकटवा. मात्र उजेड कमी केल्याने शेवाळाचा फक्त वेग कमी होतो. मूळ कारण पाण्यात तसंच राहतं.

आता खाणं. घरात टाकीला खाऊ घालणारे कितीजण आहेत ते विचारा. आजोबा सकाळी घालतात, मुलं शाळेतून आली की घालतात, रात्री जेवण झाल्यावर आपणही घालतो, आणि प्रत्येकाला वाटतं की आपण एकदाच घातलंय. क्लाउनफिशची जोडी आणि एखादा गोबी असलेल्या टाकीला दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं लागतं. माझा उपाय साधा आहे: सकाळी दिवसभराचं खाणं एका छोट्या डबीत काढून टाकीशेजारी ठेवायचं आणि मोठा डबा कपाटात. डबी रिकामी झाली की मासे कितीही काचेशी येऊन तोंड वाजवोत, आज संपलं.

गोठवलेलं खाणं वापरत असाल तर एक क्यूब वाटीत आरओच्या पाण्यात वितळू द्या आणि वाटी उजेडाकडे धरून बघा. पाणी गढूळ, केशरट झालेलं दिसेल, वर तेलकट तवंग. त्या पाण्यात फॉस्फेट असतं, आणि क्यूब सरळ टाकीत सोडला की ते सगळं टाकीत जातं. चहाच्या गाळणीतून गाळून, धुऊन, फक्त घन भाग घाला. गाळणी टाकीसाठी वेगळी ठेवा.

स्पंज आणि फिल्टरचा कापूस कधी धुतलाय? त्यात अडकलेलं खाणं आणि विष्ठा तिथेच कुजते आणि नायट्रेट होऊन पाण्यात परत येते. कापूस दर तीन-चार दिवसांनी बदला, स्पंज आठवड्याला टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाखाली धुतलात तर क्लोरिनने उपयोगी जिवाणू मरतात.

मोठ्या सिरिंजने दगडांच्या फटींत झोत मारा. मातकट ढग उठला तर पाण्याचा प्रवाह तिथे पोचत नाही. सायनो नेमका अशाच मेलेल्या कोपऱ्यांत बसतो. पॉवरहेडचं, म्हणजे टाकीत पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपाचं, तोंड थोडं फिरवून बघा, बऱ्याचदा एवढ्यावरच काम होतं.

दोन-तीनशे रुपयांची तपासणी: पाणी

बहुतेक घरांत खरी गोम इथेच निघते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं छोटं यंत्र, विकत घ्या. टाकीच्या कुठल्याही औषधाआधी. नाशिकला मुख्यतः गंगापूर धरणाचं पाणी येतं आणि ते पिण्याला चांगलंच आहे, पण पिण्याला चांगलं आणि मरीन टाकीला चांगलं या वेगळ्या गोष्टी. उन्हाळ्यात अनेक सोसायट्यांच्या टाकीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळतं. आपल्याकडचं बोअरचं पाणी काळ्या बेसाल्ट खडकातून झिरपत येतं, म्हणून त्यात सिलिका असते. आजूबाजूला द्राक्षबागा, भाजीपाला असेल तर खतातलं नायट्रेटही उतरलेलं असू शकतं. मखमलाबाद, आडगाव भागातल्या बंगल्यांत बोअरचं पाणी वापरत असतील तर मी नायट्रेटचं किट आधी बोअरच्या पाण्याला लावतो, टाकीच्या पाण्याला नंतर.

"आम्ही आरओचंच पाणी घालतो" हे जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. स्वयंपाकघरातल्या आरओचं झाकण उघडून बघा. बऱ्याच मशिनमध्ये पांढऱ्या नळ्यांच्या जोडावर एक छोटा स्क्रू असतो. पाण्याला चव राहावी म्हणून त्या वाटेने थोडं पाणी आरओच्या गाळणाऱ्या पडद्यातून (मेंब्रेनमधून) न जाता तसंच मिसळलं जातं. काही मशिनमध्ये शेवटी खनिजांचं कार्ट्रिज असतं. म्हणजे पिण्याच्या तोटीतून येणाऱ्या पाण्याचा टीडीएस ६०-८० असणं हे त्या मशिनचं काम नीट चालल्याचं लक्षण आहे. आपल्या टाकीला मात्र तो शून्याच्या जवळ हवा.

म्हणून तीन ठिकाणी मोजा: नळाचं पाणी, पडद्यातून थेट बाहेर पडणारं पाणी आणि पिण्याच्या तोटीचं पाणी. नळाला २०० असेल तर पडद्यातून १० ते २० यायला हवं. पडद्यातून चांगलं आणि तोटीला वाईट आलं तर मिसळणं चालू आहे. पडद्यातूनच ६० येत असेल तर पडदा संपलाय. आरओनंतर डीआय रेझिनचं (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांचं) कार्ट्रिज जोडलं की पाणी शून्यावर येतं. मीटर १-२ दाखवायला लागलं की रेझिन बदला, "अजून चालेल" म्हणू नका. रेझिन संपत आलं की सगळ्यात आधी सिलिकेट निसटतं, आणि टीडीएस मीटरवर ते नीट दिसतही नाही. २० लिटरच्या जारचं पाणीही आरओचं म्हणून विश्वासाने ओतू नका, त्यालाही मीटर लावा.

एवढ्याशा पाण्याने काय होतं, असं वाटत असेल तर हिशेब करा. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात, वर पंखा लावलेल्या उघड्या टाकीतून रोज लिटरभर पाणी उडू शकतं. उडतं ते शुद्ध पाणी, बाकी सगळं मागे राहतं. तुम्ही भर घालायला वापरलेल्या पाण्यात २० पीपीएम, म्हणजे लिटरला २० मिलिग्रॅम, नायट्रेट असेल तर महिन्याला ६०० मिलिग्रॅम नायट्रेट टाकीत गेलं. ५० लिटर पाण्यात ते १२ पीपीएमची वाढ करतं, एक दाणाही जास्त न घालता. एप्रिल-मेमध्ये शेवाळ वाढल्याची तक्रार येते तेव्हा लोक उकाड्याला दोष देतात. मी आधी भर घालायची बादली बघतो.

उडालेल्या पाण्याची भर नेहमी गोड्या, शून्य टीडीएसच्या पाण्याने. मिठाचं पाणी फक्त पाणी बदलताना. मीठही मरीन टाकीचंच, लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, रात्रभर पंपाने घोळवून, विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आणून. मुंबईहून येताना कॅन भरून किनाऱ्याचं पाणी आणणारेही भेटतात. शहराजवळच्या समुद्रात सांडपाणी उतरतं आणि पावसाळ्यात नद्यांचा गाळ. ते आणू नका.

टेस्ट किट

इथपर्यंत सगळं नीट असेल तरच हा खर्च करा. नायट्रेट आणि फॉस्फेट, ही दोन किटं पुरेत. नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम या टप्प्यात असलं की मी त्या आकड्यांना हात लावत नाही.

फसवी स्थिती अशी असते: दगडावर केसाळ शेवाळाचं रान आणि किट दाखवतंय शून्य. लोक म्हणतात, पाण्यात काही नाही मग हे कशावर वाढतंय? पाण्यात येणारं सगळं शेवाळच खाऊन टाकतं, म्हणून किटला काही सापडत नाही. अशा वेळी शेवाळ बाहेर काढा, आठवड्याने पुन्हा मोजा, तेव्हा खरा आकडा दिसतो. आकडा शून्य आणि वर डायनोचे धागे असतील तर मात्र पाणी बदलणं थांबवा, फॉस्फेट शोषणारी पिशवी काढा आणि खाणं थोडं वाढवा.

हाताने काढणं

कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही. जुना टूथब्रश सायफनच्या नळीच्या तोंडाशी रबरबँडने बांधा, म्हणजे घासलेलं शेवाळ तिथल्या तिथे नळीत ओढलं जाईल. टाकीतच घासून सोडून दिलं तर तुटलेले धागे दुसरीकडे रुजतात, आणि कुजले तर त्यांच्यातलं नायट्रेट-फॉस्फेट परत पाण्यात येतं. हलवता येणारे दगड टाकीच्या पाण्याच्या बादलीत घेऊन घासा. व्हॅलोनियाचे फुगे न फोडता बुडापासून सुटे करा. सायनोचा थर घासू नका, सायफनने उचला.

केसाळ शेवाळ किंवा सायनो असेल तर महिनाभर दर आठवड्याला २० टक्के पाणी बदला. फरक दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. दहाव्या दिवशी धीर सोडून बाटल्या ओतायला लागलात तर नेमका कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. म्हणून एका वेळी एकच बदल करा आणि वहीत तारीख टाका.

गोगलगायी आणि हर्मिट खेकडे लहान शेवाळ खातात, बोटभर वाढलेल्या केसांना तोंड लावत नाहीत. आधी हाताने काढा, मग ५० लिटरला चार-पाच सोडा. काही जातींचे समुद्री शंख वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, तेव्हा जात विचारल्याशिवाय घेऊ नका. समुद्रातून काढलेलं प्रवाळ तर साफ बेकायदा आहे. "लाइव्ह रॉक" म्हणून प्रवाळाचा तुकडा कुणी देत असेल तर परत फिरा.

एवढं करूनही फॉस्फेट वर राहत असेल तर ते दगडात मुरलेलं असतं, विशेषतः कुणाच्या मोडलेल्या टाकीचे जुने दगड घेतले असतील तर. ते महिनोन्‌महिने फॉस्फेट सोडतात. लोह-ऑक्साइडचे दाणे पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवा, पण सांगितलेल्या प्रमाणाच्या निम्म्याने सुरुवात करा. एकदम शून्यावर आणलंत तर केसाळ शेवाळ जाईल आणि डायनो येतील.

इथे थांबा

पाण्यात हात घातल्यावर मुंग्या आल्या तर टाकीचं काम तिथेच बंद. मेन स्विच पाडा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. खाऱ्या पाण्यात हीटर किंवा पंपाचं आवरण तडकलं की करंट पाण्यात उतरतो. नाशिकच्या थंडीत हीटर रात्रभर चालतो, त्यामुळे नोव्हेंबरात हीटर आणि वायर एकदा तपासून घ्या, आणि लाइनवर आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या.

दगडावर बटणांसारखे जीव, झोअँथिड किंवा पॅलिथोआ, असतील तर तो दगड उकळू नका, घासू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका. काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं आणि त्याच्या वाफेने माणसं दवाखान्यात भरती झालेली आहेत. असा दगड जाणत्या माणसाकडे सोपवा.

हाताला जखम असेल तर हातमोजे घाला. टाकीत काम केल्यावर बोटावर न भरणारी गाठ किंवा फोड आला तर डॉक्टरांना दाखवा आणि घरी समुद्री टाकी आहे हे आवर्जून सांगा. मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जंतू अशा पाण्यातून जखमेत शिरतो, आणि टाकीचा उल्लेख झाला नाही तर निदान लांबतं.

औषधांच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. तांब्याचं शेवाळनाशक गोगलगायी आणि कोळंब्यांना मारतं. सायनोसाठी एरिथ्रोमायसिन आणि ब्रायोप्सिससाठी फ्लुकोनॅझोल वापरणारे आहेत, पण ही माणसांची औषधं मेडिकलमधून आणून अंदाजाने घालू नका. एरिथ्रोमायसिन अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंनाही मारू शकतं. शेवाळ एकदम मेलं की ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो, आणि उन्हाळ्यात गरम पाण्यात तो आधीच कमी असतो. त्यात वीज गेली तर सकाळपर्यंत मासे वर तोंड काढून धापा टाकत असतात.

शेवाळ ब्रायोप्सिस किंवा डायनो आहे याची खात्री पटली, गोगलगायी मरायला लागल्या, मासे भराभरा श्वास घेताहेत, किंवा वरचं सगळं नेमाने करून दोन महिने झाले तरी फरक नाही, तर मरीन टाक्यांचं काम करणाऱ्याला बोलवा. गोड्या पाण्याच्या टाक्या चांगल्या सांभाळणारा माणूस इथे पुरत नाही. फोनवरच विचारा: फॉस्फेट मोजता का, आणि तुमच्या पाण्याचा टीडीएस किती असतो? न मोजता औषध सुचवलं तर दुसऱ्याला फोन करा.

तो येण्याआधी वही, दिव्याचे तास आणि खाण्याचं पाकीट समोर काढून ठेवा. पाण्याच्या दोन बाटल्या भरा, एक टाकीतून आणि एक भर घालायच्या बादलीतून, दोन्हींवर नावं लिहून. दुसरी बाटली विसरू नका, मी तपासायला सुरुवात तिच्यापासूनच करतो.